भंगारातल्या लोखंडाचा बगळा: जोड तडकतायत, गंजाचा रंग हवाय आणि उघड्यावर उभा करायचाय

काटकोन

नमस्कार मंडळी. भंगारातून जमवलेल्या लोखंडाचा एक बगळा करतोय, पाच फुटांच्या आसपास उंच. मानेला सायकलची चेन, पंखांना गाडीच्या स्प्रिंगच्या पाट्याचे तुकडे आणि नट आवळायचे जुने पाने, पायांना गज, डोळ्यांना बेअरिंगमधल्या गोळ्या. पान्यांचे आणि गजाचे जोड मस्त बसलेत पण गोळ्या आणि पाट्याचे तुकडे काही केल्या टिकत नाहीयेत, वेल्डिंग केल्यावर दिसायला छान दिसतं आणि मग रात्री किंवा दुसऱ्या दिवशी टक्क असा आवाज येतो आणि जोडाच्या कडेला चीर दिसते. मी साधा 6013 नंबरचा वेल्डिंग रॉड वापरतोय, मशीन इन्व्हर्टरचं आहे.

दुसरं म्हणजे मला याला रंग द्यायचा नाहीये. पान्यांवर बसलेला तो तपकिरी केशरी गंज इतका सुंदर आहे की त्यावर रंग फासायला हात धजत नाही. पण हा बगळा बागेत, उघड्यावर, पावसात उभा राहणार आहे. वरून लॅकर, म्हणजे पारदर्शक लेप, मारला तर चालेल का? आणि दोन बारीक पायांवर एवढं वजन, तर खाली काय द्यावं?

ठिणगी

आधी जोडांचं बोलतो. तुम्ही ज्याला लोखंड म्हणताय ते सगळं एक नाहीये. गज साधा, कार्बन कमी, त्याला काहीही चालतं. बेअरिंगच्या गोळीत कार्बन 1 टक्क्याच्या जवळपास असतो आणि पाट्यात साधारण अर्धा टक्का किंवा थोडा जास्त. असं पोलाद वेल्डिंगच्या शेजारी झटकन थंड झालं की काचेसारखं कडक आणि ठिसूळ होतं. त्यात 6013 च्या लेपातून हायड्रोजन जातो, तो त्या कडक भागात साठतो आणि काही तासांनी, कधी दोन दिवसांनीसुद्धा चीर पाडतो. तुमचा रात्रीचा टक्क आवाज मला तरी तोच वाटतोय.

पाट्यासाठी 7018 रॉड घ्या, त्यातून हायड्रोजन कमी जातो, आणि तो कोरडा हवा, हे महत्त्वाचं, दमट 7018 वापरला तर त्याचा मुख्य फायदाच गेला. तुकडा आधी 250 ते 300 अंशांपर्यंत तापवा, छोटे छोटे जोड मारा आणि झाल्यावर लगेच कोरड्या राखेत किंवा चुन्याच्या भुकटीत पुरून ठेवा, हळूहळू थंड होऊ दे. पाणी ओतून गार करायचं तर अजिबात नाही. मिश्र धातू असतील तर 309 स्टेनलेस रॉड बराच सांभाळून घेतो.

गोळीबद्दल माझं स्पष्ट मत, तिला वेल्ड करूच नका. साध्या लोखंडाच्या तीन नख्या करा, गोळी आत बसवा आणि नख्या वाकवून आवळा. हिऱ्याला कोंदण करतात तसं. डोळा जास्त जिवंत दिसेल आणि गोळीची चकाकीही जळणार नाही.

कुठला तुकडा काय आहे कळत नसेल तर ग्राइंडर लावून ठिणग्या बघा. साध्या लोखंडाच्या लांब सरळ रेषा येतात, कार्बन जास्त असेल तर ठिणगी टोकाला फुटून झाडासारख्या फांद्या फुटतात, बीड (ओतीव लोखंड) असेल तर आखूड लालसर. थोड्या सवयीने डोळ्यालाच कळायला लागतं.

रेतीकागद

वरचं सगळं बरोबर, पण एक राहिलं आणि ते मला आधी सांगायला हवं वाटतं. भंगारातल्या तुकड्यावर काय लेप आहे ते बघितल्याशिवाय त्याला आर्क, म्हणजे वेल्डिंगची ज्वाला, लावू नका!! जीआय (गॅल्वनाइज्ड) पाइपावर जस्त असतं, ते 907 अंशाला उकळतं आणि लोखंड वितळतं 1500 च्या आसपास, म्हणजे जोड लागायच्या कितीतरी आधी जस्ताची वाफ होऊन पांढरा धूर तुमच्या तोंडाशी. त्याने त्याच संध्याकाळी थंडी वाजून ताप येतो. पण सगळ्यात वाईट कॅडमियम, जुन्या नटबोल्टांवर सोनेरी पिवळसर मुलामा दिसतो त्यात ते असू शकतं, तो धूर जिवावर बेततो आणि श्वास घेताना काही विशेष जाणवतही नाही. असा मुलामा दिसला की तो नट मूर्तीत घेऊ नका, विषय संपला. क्रोमवाले पानेही तसेच वेल्ड करू नका, आणि क्रोम नुसतं घासलं तरी धूळ वाईटच, त्यापेक्षा बिनमुलाम्याचे जुने पाने शोधा. जुन्या रंगात शिसं असतं, तो कोरडा घासू नका, ओला करून खरवडा आणि मास्क लावा.

क्लोरीनवालं ब्रेक क्लीनर मारून तुकडा पुसला आणि मग आर्क लावला तर त्यातून फॉस्जीन होतो, तो विषारी वायू. ग्रीस काढायला साबणपाणी किंवा कॉस्टिक वापरा आणि पूर्ण सुकवा. आणि बंद पोकळ वस्तू, म्हणजे शॉकअब्सॉर्बर, टाकी, दोन्हीकडून बंद पाइप, यांना गरम करू नका. शॉकअब्सॉर्बर शिल्पासाठी फार देखणा तुकडा आहे हे मान्य पण आत तेल आणि दाब असतो.

गंजप्रेमी

रंगाचं मी सांगते. लॅकर नको. उघड्यावर उन्हाने तो तडकतो, एखाद्या ठिकाणी केसाएवढी फट पडली की पाणी आत शिरतं आणि गंज लॅकरच्या खालून पसरत जातो, मग पापुद्रे निघतात आणि सगळं काढून पुन्हा पहिल्यापासून.

बरेच जण कॉर्टेनचं, म्हणजे न रंगवता उघड्यावर वापरायच्या खास पोलादाचं, उदाहरण देतात की बघा तो गंज थांबतो. तो थांबतो कारण त्यात तांबं, क्रोमियम वगैरे थोडं थोडं घातलेलं असतं आणि त्याचा गंज घट्ट चिकटून राहतो, शिवाय त्यालाही ओलं होऊन पुन्हा सुकायला मिळावं लागतं. तुमच्या पान्यांचा गंज सच्छिद्र आहे, तो ओलावा धरून ठेवतो आणि खात राहतो. म्हणून सुटणारा गंज तारेच्या ब्रशने काढा, घट्ट बसलेला ठेवा, तुकडा कोमट करून त्यावर मेण चोळा. रंग थोडा गडद होतो, मला तरी तो जास्त आवडतो. दर पावसाळ्याआधी आणि नंतर पुन्हा मेण लावावं लागेल, हे काम कायमचं आहे. उकळलेलं जवसाचं तेलही चालतं पण ते पुसलेल्या चिंध्यांचे बोळे गोळा करून टाकू नका, आपोआप तापून पेटतात, सपाट पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवा.

आणि खरं सांगायचं तर मेणापेक्षा पाणी कुठे साचतं ते जास्त महत्त्वाचं. दोन पाने एकावर एक ठेवून मध्ये फट राहिली की तिथून कुजायला सुरुवात. जिथे वाटी होते तिथे खाली भोक पाडा, फटी पूर्ण वेल्डने बंद करा किंवा मग एवढ्या मोकळ्या ठेवा की वारा लागेल. चेनच्या मानेत हे अवघड आहे, चेन तेलात बुडवून काढा आणि ती सगळ्यात आधी जाईल हे धरून बदलता येईल अशी बोल्टने लावा.

ठिणगी

@गंजप्रेमी +1, बोल्टची आयडिया फार चांगली.

पायांचं राहिलं. खाली 10 मिमी जाडीची अर्धा मीटर बाय अर्धा मीटर प्लेट घेतलीत तर तिचंच वजन 19 ते 20 किलो होतं. पाय त्यात नुसते टेकवून वेल्ड करू नका, प्लेटला भोक पाडून गज आरपार घ्या आणि खालूनही वेल्ड करा. मग प्लेट काँक्रीटला अँकर बोल्टने आवळा. बगळ्याची मान पुढे असते म्हणजे भारही पुढे, तर दोरीने टांगून तोल कुठे येतो ते आधी बघा आणि तिथून सोडलेला ओळंबा प्लेटच्या बऱ्यापैकी आत पडला पाहिजे. लहान मूल त्याला लटकणार हे गृहीत धरूनच करा. हाताच्या उंचीच्या सगळ्या कडा घासून गोल करा, चोच तर नक्कीच.

फरशीवर ठेवणार असाल तर गंजाचं पाणी ओघळून डाग पडतात, ते सहज जात नाहीत. भोवती खडी पसरली की प्रश्न मिटतो.

जुनापाना

तांत्रिक सगळं आलं, मी थोडं बघण्याबद्दल बोलतो. पिकासोने 1942 मध्ये सायकलची सीट आणि हँडल एवढ्या दोनच वस्तूंतून बैलाचं डोकं केलं. त्यात सीट सीटच दिसते आणि त्याच वेळी बैलही दिसतो. त्याच्यासोबत 1928 पासून लोखंडात काम करणारा शिल्पकार हुलिओ गोन्झालेझ वेल्डिंग शिकला तो रेनॉच्या कारखान्यात. अमेरिकन शिल्पकार डेव्हिड स्मिथने 1962 मध्ये इटलीत वोल्त्रीच्या बंद कारखान्यांत पडलेल्या अवजारांतून आणि पत्र्यांतून एका महिन्यात 27 शिल्पं उभी केली. या लोकांनी तुकड्याचं मूळ रूप लपवलं नाही. तुमच्या पंखात पाने आहेत ना, मग त्यांची तोंडं घासून पिसासारखी करू नका, पाना पानाच राहू दे. आणि पंखात तुकडे कमी करता आले तर बघा, भंगारातल्या कामात भरत जाण्याचा मोह फार असतो, मग लांबून नुसता ढीग दिसतो.

जागा निवडताना मागे मोकळं आकाश किंवा साधी भिंत असावी. झाडीसमोर तपकिरी बगळा हरवेल. संध्याकाळी बाजूने तिरपा प्रकाश पडला तर चेनची प्रत्येक कडी दिसते, समोरून दिवा मारला तर सगळं सपाट होतं.

काटकोन

सगळ्यांचे मनापासून आभार. डोळ्यांना नख्या करतोय, आजच एक करून पाहिली आणि खरंच गोळी जिवंत वाटते. पान्यांतले दोन क्रोमवाले निघाले, ते बाजूला काढले. पंख मागून जरा मोकळा करणार आहे. एकच शंका, मान बोल्टने लावायची तर बोल्ट साधा घ्यावा की स्टेनलेस?

गंजप्रेमी

स्टेनलेस घ्या, वर्षांनी उघडायला गेलात तर साधा बोल्ट गंजून जाम झालेला असेल. एवढ्याशा स्टेनलेसने शेजारच्या मोठ्या लोखंडाला फारसा त्रास होत नाही, उलटं, म्हणजे मोठ्या स्टेनलेसमध्ये छोटा साधा बोल्ट, असतं तर झाला असता. आट्यांना ग्रीस लावा आणि खाली नायलॉनचा वॉशर द्या.