मदत हवी आहे: ई. कोलायमध्ये सेलेनोप्रोटीन बनतच नाही

निळी_शाई
एक सेलेनोप्रोटीन (सेलेनियम असलेलं प्रोटीन) ई. कोलाय या बॅक्टेरियात बनवायचं आहे. कितीदा करून पाहिलं, जेलवर (प्रोटीन आकाराप्रमाणे वेगळे करून दाखवणाऱ्या थरावर) त्याचा बँडच, म्हणजे पट्टीच, येत नाही. सेलेनियम मिळावं म्हणून सोडियम सेलेनाइट घातलंय, आयपीटीजी (जीन चालू करणारं रसायन) कमी-जास्त करून झालं, तापमान उतरवून झालं. गाइडना लवकरच काहीतरी दाखवायचंय. प्लीज कुणीतरी सांगा.

रात्रपाळी
सेलेनाइट किती घालताय? जास्त झालं की पेशी दमतात आणि कल्चर तांबूस होतं. तो लाल रंग सुट्या सेलेनियमचा. काही मायक्रोमोलर पुरतं. माझं काम तेवढ्यानेच झालं होतं.

भिंगवाला
सेलेनाइट नंतर बघू. प्रोटीन कुठलं, कुठल्या जिवाचं, टॅग (प्रोटीन वेगळं काढायला जोडलेला तुकडा) कुठल्या टोकाला?

निळी_शाई
कल्चर लाल नाहीये. मिथॅनोकॉकस या आर्कियाचं (बॅक्टेरियाहून वेगळ्या गटातल्या सूक्ष्मजीवाचं) सेलडी, म्हणजे सेलेनोफॉस्फेट बनवणारं एन्झाइम. टॅग शेवटी. जीन बनवून घेतला आहे, कोडॉन (एकेका अमिनो आम्लासाठीची तीन अक्षरं) ई. कोलायला सोयीचे करून.

भिंगवाला
अहो, मग सेलेनाइट कितीही घाला, उपयोग नाही. यूजीए हा एरवी थांबण्याचा कोडॉन. तिथे सेलेनोसिस्टीन (सेलेनियम असलेलं अमिनो आम्ल) बसवायचं तर एमआरएनएवर (जीनच्या वाचल्या जाणाऱ्या प्रतीवर) सेसिस नावाची घडी लागते. बॅक्टेरियात ती यूजीएला लागूनच, जीनच्या आतच असते आणि सेलबी हे प्रोटीन तिला धरतं. आर्कियात ती जीनच्या बाहेर, बहुधा ३' बाजूच्या न वाचल्या जाणाऱ्या भागात. तुम्ही फक्त जीन घेतलात, म्हणजे घडी मागेच राहिली. ती आणली असती तरी ई. कोलायच्या सेलबीला ओळखता आली नसती. सेलडीत सेलेनोसिस्टीन अगदी सुरुवातीला आहे. तिथेच वाचन तुटलं तर उरणारा तुकडा इतका छोटा की जेलवर दिसणारच नाही, आणि टॅग तर त्याच्याही पुढे.

जुनी_वही
क्रिस्टलवरून रचना काढायला हवं असेल तर सेलेनोमेथिओनिन वापरा. मेथिओनिनच्या जागी आपोआप बसतं, फेजिंग (क्ष-किरणांच्या नोंदींवरून रचना उलगडण्याची पायरी) सोपं होतं.

भिंगवाला
ते वेगळं. त्याला यूजीएही लागत नाही आणि सेसिसही.

रात्रपाळी
मग सरळ टीजीएचं (यूजीएच, पण डीएनएत) टीजीसी करा. सिस्टीन बसेल, पूर्ण प्रोटीन मिळेल.

पाणकणीस
आणि एन्झाइम मरेल! ई. कोलायच्याच फॉर्मेट डीहायड्रोजनेज एच या एन्झाइममध्ये १४० व्या जागी सेलेनोसिस्टीनऐवजी सिस्टीन बसवलं की वेग शंभर पटींहून जास्त घसरतो. सेलेनियम काढलं की सेलेनोप्रोटीनचा अभ्यास कसला?

रात्रपाळी
सगळी एन्झाइमं सारखी नसतात. ई. कोलायच्या स्वतःच्या सेलडीत १७ व्या जागी सिस्टीनच आहे आणि ते व्यवस्थित सेलेनोफॉस्फेट बनवतं. हिमोफिलस इन्फ्लुएन्झाच्या सेलडीत मात्र सेलेनोसिस्टीन. निसर्गात दोन्ही चालतात.

पाणकणीस
चालतात, पण म्हणून मिथॅनोकॉकसचं सिस्टीनवर तसंच चालेल हे गृहीत धरू नका. मला तर सेलडीचं हेच विलक्षण वाटतं: ज्या एन्झाइममुळे पेशीला सेलेनोसिस्टीन बनवता येतं, त्याच्यातच सेलेनोसिस्टीन!

सोनचाफा
विषय निघालाच आहे तर विचारते, थायरॉइडसाठी सेलेनियमच्या गोळ्या घ्याव्यात का?

जुनी_वही
ताई, डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. सेलेनियम जास्त झालं तर विषारी ठरतं. १९५४ मध्ये ई. कोलायच्या फॉर्मेट डीहायड्रोजनेजला सेलेनाइट लागतं असं दिसलं, तोवर त्याची ओळख मुख्यतः विष म्हणूनच होती. प्रोटीनमध्ये ते सेलेनोसिस्टीनच्या रूपात असतं हे थ्रेसा स्टॅडमन यांच्या गटाने १९७६ मध्ये क्लॉस्ट्रिडियमच्या ग्लायसिन रिडक्टेजमध्ये दाखवलं.

निळी_शाई
कृपया मूळ प्रश्नावर या. यूजीएपुढे ई. कोलायचं सेसिस जोडलं तर?

भिंगवाला
ते जवळपास चाळीस न्यूक्लिओटाइडांचं आहे, म्हणजे पुढची डझनभर अमिनो आम्लं बदलतील. उंदराच्या थायोरेडॉक्सिन रिडक्टेजमध्ये हे जमलं, कारण तिथे सेलेनोसिस्टीन शेवटून दुसरं आहे. तुमचं सुरुवातीला. खरंच सेलेनियम हवं असेल तर मिथॅनोकॉकस मॅरिपालुडिसमध्येच बनवा. त्यात जीन घालता येतात, फक्त ऑक्सिजन अजिबात चालत नाही. तुम्हाला रचना हवी आहे की क्रिया मोजायची आहे?

निळी_शाई
आधी रचना. क्रिया नंतर.

भिंगवाला
मग टीजीसी करा आणि आजच प्रायमर (हा बदल करायला लागणारे डीएनएचे छोटे तुकडे) मागवा. टॅग सुरुवातीच्या टोकाला घ्या.

पाणकणीस
क्रिया मोजाल तेव्हा मात्र सिस्टीनवाल्या आकड्यांवर थांबू नका.