एकाच ग्रीक बेटावर मुक्काम ठोकलेल्यांनो, लिहा इथे

सान्तोरिनीचा सूर्यास्त, निळे घुमट, चार दिवसांत तीन बेटं हे सगळं फोटोंसकट भरपूर वाचून झालंय, ते या धाग्यात नको प्लीज. जे कोणी ग्रीसच्या एखाद्याच बेटावर बरेच दिवस राहिलेत त्यांनी लिहा, हौसेने राहिलात, नोकरीपायी राहिलात, बोट अडकली म्हणून राहिलात, काहीही चालेल. बघायच्या गोष्टी संपल्यावर काय दिसायला लागलं ते हवंय. भाजी, बस, पाणी, सणवार. दोन ओळी लिहिल्या तरी चालतील, शुद्धलेखन कोणी तपासणार नाही.

मी सुरू करते.

आम्ही नाक्सोसला होतो, ऐन ऑगस्टात, कारण मुलांच्या सुट्ट्या. पहिल्या काही दिवसांतच कळलं की इथे सगळं वाऱ्यावर ठरतं. मेल्तेमी म्हणतात त्याला, उत्तरेकडून येतो आणि जुलै-ऑगस्टात दिवसचे दिवस थांबत नाही. आपल्याला वादळ म्हटलं की काळोखून आलेलं माहीत, इथे लख्ख ऊन, ढगाचा पत्ता नाही आणि बोटी बंद! घरमालकीण आजी सकाळी अंगण झाडताना आकडाच सांगायच्या, आज सहा, आज सात. वाऱ्याचा जोर मोजायचा बोफोर्टचा आकडा. आठ-नऊ झाले की बंदरावरून बोटी सोडायला मनाई. नाक्सोस सिक्लाडीस या बेटांच्या समूहातलं सगळ्यात मोठं बेट, स्वतःचे बटाटे, स्वतःचं ग्राविएरा चीज, त्यामुळे बोट नाही आली तर आजींचं काही अडत नव्हतं, धावपळ फक्त पुढचं हॉटेल बुक केलेल्यांची.

दुसरं म्हणजे उपास. १५ ऑगस्टला मरियेचा मोठा सण, त्याआधी १ ते १४ धार्मिक माणसं मांस, मासे, अंडी, दूध काही खात नाहीत. आपण घासफूसवाले इकडे तिकडे "नो मीट, नो फिश" करत हिंडतो आणि इथे त्याला तयार शब्द आहे, निस्तीसिमा! खानावळीत एवढं विचारलं की भराभर पुढ्यात येतं, टोमॅटोत भात भरलेलं येमिस्ता, मोठ्या पांढऱ्या वालांचे यीगांदेस, भेंडी (हो, भेंडी, टोमॅटोत शिजवलेली, तेल मात्र आपल्याला झेपेल त्याच्या तिप्पट). एक सांभाळा, शिंपले-कोळंबी या उपासाला चालतात, तेव्हा तेवढं वेगळं सांगायचं. आणि आजींनी एकदा उकडलेली पालेभाजी दिली, वर लिंबू आणि ऑलिव्ह ऑइल, व्लिता म्हणाल्या, खाल्ली तर माठ. मग सॅलडमध्ये घोळ सापडली, ती पण कच्ची. सासूबाईंना फोटो पाठवला तर म्हणाल्या एवढ्या लांब जाऊन घोळच खाताय का.

पान्याचा नंबर

नाक्सोसचं निघालं म्हणून लिहितो. माझं भोसरीत छोटं वर्कशॉप आहे, मुलगी अथेन्सला शिकते, तिच्याबरोबर गेलो होतो. बीचवर मला करमत नाही, मी आपला रोज बस पकडून डोंगरात. आपिरान्थोस म्हणून गाव आहे, सगळ्या गल्ल्या संगमरवराच्या फरशीच्या. तिथे कळलं की या डोंगरात एमरी निघते. अहो आयुष्यभर एमरी पेपर घासला, बोटांचे ठसे गेले, पण ती जमिनीतून दगड म्हणून निघते आणि तो काळा जड दगड असा हातात घेता येतो हे कधी डोक्यातच आलं नव्हतं! खाणीचा हक्क या भागातल्या गावकऱ्यांनाच आणि माल घ्यायचं सरकारने. १९२० च्या दशकात डोंगरातून खाली मुत्सुनाच्या बंदरापर्यंत ९ किलोमीटरच्या आसपास रोपवे टाकला होता, त्याचे लोखंडी खांब अजून उभे आहेत, काही ठिकाणी बादल्या पण लटकतायत. मी प्रत्येक खांबाचे रिव्हेट बघत बसलो, मुलगी वैतागली. पुढे कारखान्यात बनवलेले अ‍ॅब्रेसिव्ह स्वस्त पडायला लागले आणि धंदा बसला, हे मला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती, आमच्याकडे पण तेच वापरतात.

उत्तरेला आपोलोनासला जुन्या खाणीत एक अर्धवट पुतळा आडवा पडलाय, साडेदहा मीटरचा, अडीच हजार वर्षांच्या वरचा. दगडाला तडा गेला म्हणून सोडला असावा म्हणतात. आमच्या भाषेत रिजेक्ट जॉब. पण काय फिनिशिंगला घेतला होता, दाढीचा आकार कळतो! जरूर बघा.

चिमणचारा

बसचं कसं काय? आम्हाला गाडी चालवायची नाहीये.

पान्याचा नंबर

केटीईएलच्या बस आहेत, बंदरावरूनच सुटतात. डोंगरातल्या गावांना दिवसाला थोड्याच असतात, परतीची वेळ आधी विचारून ठेवा, रविवारी अजून कमी. ड्रायव्हर वाटेत थांबून कोणाच्या दारात पाव नाहीतर औषधाची पिशवी देतो, घाई असेल तर मनस्ताप होईल.

जहाजी माणूस

माझं काही स्लो ट्रॅव्हल वगैरे नव्हतं, जहाज दुरुस्तीला ड्राय डॉकला (म्हणजे पाण्याबाहेर) होतं सीरोस बेटावर आणि मी तेव्हा सेकंड इंजिनियर. काम लांबत गेलं. (काम का लांबलं ते विचारू नका, ड्राय डॉकचं काम लांबतंच.) शिपयार्ड गावाला लागूनच, १८६१ पासूनचं, म्हणजे संध्याकाळी बॉयलर सूट उतरवून चालत निघालं की दहा-पंधरा मिनिटांत संगमरवरी चौकात. जगात बहुतेक यार्डांतून शहर बघायचं तर टॅक्सी आणि गेटपास आणि भानगडी असतात, त्यामुळे आम्हाला हे फारच भारी वाटायचं.

एर्मूपोली गाव मुळात १८२० च्या दशकात खिओस, प्सारा अशा बेटांवरून कत्तलीतून जीव वाचवून आलेल्या लोकांनी वसवलं, आणि काही दशकांत ते ग्रीसचं एक नंबरचं बंदर झालं, पुढे अथेन्सजवळच्या पिरेअस बंदराने मागे टाकलं. पैसा होता तेव्हाचं सगळं तसंच आहे, टाऊन हॉल, १८६४ चं अपोलो थिएटर. आमचा एक वायपर (इंजिनरूमचा मदतनीस) रत्नागिरीचा, तो म्हणाला साहेब एवढ्याशा गावाला एवढं नाट्यगृह, आणि मग आपल्या गावच्या नाट्यगृहाच्या खुर्च्यांबद्दल जे बोलला ते इथे लिहीत नाही.

यार्डातले फिटर-वेल्डर सगळे स्थानिक. गार कॉफीचा एक ग्लास, फ्रेडो, तो सकाळी सातला हातात येतो आणि दहापर्यंत पुरतो. आधी आम्हाला वाटायचं हे कामचुकार, मग बघितलं की इंजिनच्या पोटात, क्रँककेसमध्ये उतरायचं असेल तर हाच माणूस पहिला. एकाने रविवारी घरी जेवायला बोलावलं, वरती आनो सीरोसला, पायऱ्या पायऱ्या, टेकडीच्या टोकाला कॅथलिक चर्च. तो कॅथलिक, बायको ऑर्थोडॉक्स. जगात बऱ्याच ठिकाणी दोघांचा ईस्टर बहुतेक वर्षी वेगवेगळ्या तारखांना, सीरोसला दोघं मिळून ऑर्थोडॉक्स तारखेलाच करतात. का, तर घरं फुटू नयेत, असं तो म्हणाला. त्याच गल्लीत मार्कोस वाम्वाकारिसचा पुतळा, बुझुकी हे तंतुवाद्य वाजवणारा गायक, १९०५ मध्ये तिथेच जन्मलेला, आधी पिरेअसच्या गोदीत हमाली केलेला माणूस. जेवणानंतर यजमानाच्या म्हाताऱ्या वडिलांनी त्याचं काहीतरी गायलं, एक अक्षर कळलं नाही पण गोदीत काम केलेल्या माणसाचं गाणं आहे एवढं कळलं. येताना लुकूमी या मऊ मिठाईचे डबे घ्या, गुलाबाचे. आमच्या अख्ख्या क्रूने घेतले, मुंबई एअरपोर्टवर सगळ्यांच्या बॅगांतून पांढरी पिठीसाखर.

सायलीची आई

जहाजीदादा मस्त लिहिलंय.

आम्ही टिनोसला, मी आणि माझी आई. आईला परदेश म्हणजे "तिकडे माणसं देवाचं काय करतात ते बघायचंय" एवढंच होतं, म्हणून मुद्दाम टिनोस. बंदरावर उतरलं की समोरून सरळ चढाचा रस्ता जातो वर पानायियाच्या (म्हणजे मरियेच्या) चर्चला, आणि रस्त्याच्या कडेने गालिचाची पट्टी अंथरलेली, कायमची. नवस फेडायला लोक त्या पट्टीवरून बंदरापासून चर्चपर्यंत गुडघ्यांवर रांगत जातात. १५ ऑगस्टला हजारोंनी, पण आम्ही सप्टेंबरच्या शेवटी होतो तरी रोज कोणी ना कोणी दिसायचंच. एक तरुण मुलगी, गुडघ्याला व्हॉलीबॉलचे पॅड, बाजूला तिचा भाऊ पाण्याची बाटली घेऊन. आई थांबली, हात जोडले आणि मला म्हणाली, "अगं तुळजापूरला लोटांगण घालतात ना, तसंच की हे. फक्त हिने पॅड लावलेत, हुशार आहे."

आत मूर्ती नाही, तसबीर आहे, १८२३ मध्ये जमिनीत खणून सापडलेली, आणि दागिन्यांनी इतकी मढलेली की चित्र धड दिसत नाही. वर छताला चांदीचे नवस टांगलेले, जहाज, पाय, पाळणा. आईने एकेक बोट दाखवून ओळखला, याचं मूल, याचं जहाज, याचे डोळे.

पण देव पहिल्याच दिवशी झाला. पुढे काय? पुढे आईने बेकरीवाल्या बाई पकडल्या. दोघींना एकमेकींची भाषा येत नाही, पण कोणाला किती मुलं, नवरा आहे का, गुडघे कधीपासून दुखतात हे सगळं झालं. मी दुपारी तीनला बाहेर निघाले की आईच ओरडायची, आता नको, आता सगळे झोपलेत, त्या बाई रागावतील. तीन ते साडेपाच गावात खरंच चिडीचूप असतं आणि आई आयुष्यभर वामकुक्षीवाली, तिला हा देश फार शिस्तीचा वाटला.

बसमधून जाताना शेतांत दगडी मनोरे दिसतात, वरच्या भागात त्रिकोणांची, सूर्याची जाळीदार नक्षी. कबुतरखाने आहेत ते! व्हेनिसवाल्यांच्या काळापासूनचे, मांसासाठी आणि खतासाठी. आमच्या दादरला कबुतरखान्यावरून एवढी भांडणं आणि इथे कबुतरांना बंगले. वोलाक्स नावाच्या गावात घराएवढे गोल धोंडे आणि त्यांच्यामध्ये घरं, तिथे टोपल्या विणतात. आईने उलटीपालटी करून बुडाची वीण तपासली आणि मगच घेतली.

अर्धा कप

मी जरा वेगळा सूर लावतो. इकारियाला होतो, लोक शंभर वर्षं जगतात ते बेट. सगळे म्हणतात तिथे घड्याळ नसतं, किती छान. राखेस भागातल्या ख्रिस्तोस गावात दुकानं रात्री उशिरा उघडी असतात आणि दिवसा मालकाचा मूड. मला दिवसा ब्लेड हवं होतं. असो. आपण टूरिस्ट म्हणून "वा, काय निवांत" म्हणतो, तिथल्या माणसाला हॉस्पिटलचं मोठं काम निघालं तर बोट आणि वारा बघावा लागतो, ते या निवांतपणात धरा. पण पानीयिरी मात्र कबूल, गावजत्रा, अख्खं गाव हातात हात घालून पहाटेपर्यंत नाचतं आणि जेवणा-वाइनमधून जमलेला पैसा गावाच्याच कामाला, रस्त्याला नाहीतर शाळेला. यादवी युद्धाच्या काळात सरकारने हजारो डाव्या लोकांना हद्दपार करून या बेटावर पाठवलं, गावकऱ्यांनी त्यांना घरांत ठेवून घेतलं, संगीतकार मिकिस थिओडोराकिस त्यातलाच. ते मला दीर्घायुष्याच्या गप्पांपेक्षा जास्त भारी वाटलं.

घागर

लातूरची आहे, त्यामुळे कुठेही गेले तरी आधी पाणी बघते. नाक्सोसजवळ स्खिनूसा म्हणून एवढंसं बेट आहे, तिथे होते. जुन्या घरांच्या सपाट धाब्यांना चुना का फासतात तर पावसाचं पाणी स्वच्छ राहावं, ते धाब्यावरून खाली घराच्या पोटातल्या टाकीत जातं, स्तेर्ना म्हणतात. फोटोत पांढरं छान दिसतं, कारण हे. आता बऱ्याच बेटांवर समुद्राचं पाणी गोडं करायचे प्लांट झालेत, त्याआधी उन्हाळ्यात कित्येक ठिकाणी जहाजाने पाणी यायचं. २०१६ ला मिरजेहून आमच्याकडे पाण्याची रेल्वे आली होती ते मी घरमालकांना सांगितलं. त्यांना अजिबात नवल वाटलं नाही, फक्त विचारलं, रोज किती यायचं?

वऱ्हाडी ठेचा

सूर्यास्त नको म्हणता म्हणून सान्तोरिनीचं एवढंच सांगतो राजेहो. तिथे फावा म्हणून पिवळं वरण मिळते, वर कच्चा कांदा आन् तेल. ते हरभऱ्याचं नाही न् मटाराचं बी नाही, आपल्या लाखोळीच्या कुळातलं आहे, लॅथिरस. ज्वालामुखीच्या राखेत, वरून पाणी न देता घेतात. आपल्याकडे लाखोळी म्हटली की लोक नाक मुरडतात आन् तिथे त्याच कुळातल्या डाळीला युरोपचा जीआयसारखा शिक्का, भाव विचारू नका.

फोडणीची पोळी

सिफनोस कोणीच नाही लिहिलं? मातीकामाचं बेट आहे, घरांच्या धुराड्यांवर पण मडकी बसवलेली. शनिवारी संध्याकाळी काबुली चणे, कांदा, ऑलिव्ह ऑइल, तमालपत्र मातीच्या झाकणवाल्या भांड्यात घालून बेकरीच्या लाकडाच्या भट्टीत देतात, रात्रभर मंद शिजतं, रविवारी चर्चवरून येताना आपापलं भांडं उचलायचं. रेविथादा. आम्ही राहायचो तिथल्या काकूंनी आमचंही भांडं दिलं होतं, भट्टीत सगळी सारखीच दिसतात म्हणून कानाला सुतळी बांधून. मसाला शून्य, आणि तरी मी दोनदा घेतलं, हे माझ्या मालवणी नवऱ्याला अजून पटत नाही.

ते भांडं मी घेऊन आलेय, स्केपस्तारिया म्हणतात. इथे भट्टी कुठून आणू? साध्या ओव्हनमध्ये कमी आचेवर रात्रभर ठेवून कोणी केलंय का? आणि नवीन भांडं आधी भिजवायचं की आपल्यासारखी पेज उकळायची त्यात?