.३०० मॅग्नममध्ये परवडणारी बोल्ट-ॲक्शन रायफल: कोणती घ्यावी?

प्रश्न

मंडळी, पहिल्यांदाच एल्कच्या (मोठ्या जातीच्या हरणाच्या) शिकारीला जायचं ठरलंय, परवानाही मिळालाय. आजवर हरणासाठी मित्राची .३०८ काडतुसाची रायफल वापरत आलो, आता स्वतःची घ्यायची आहे. मनात .३०० विंचेस्टर मॅग्नम हे जास्त ताकदीचं काडतूस पक्कं बसलंय. बजेट बेताचं, आणि त्यातूनच नेम धरायची दुर्बीणही यायला हवी. शोधून शोधून रूगर अमेरिकन, सॅव्हेज ११० आणि टिक्का टी३एक्स लाइट या तिघींवर येऊन थांबलोय. टिक्का हातात घेऊन पाहिली, बोल्ट (काडतूस आत-बाहेर करायचा दांडा) इतका अलगद फिरतो की ठेववेना. शिवाय हलकी आहे, डोंगर चढायचा म्हणजे तेवढंच बरं. रायफलीसोबत बसवूनच मिळणारी दुर्बीण घ्यावी की वेगळी?

प्रतिसाद १

डोळे झाकून टिक्का. या किमतीत तसा बोल्ट आणि तसा चाप दुसरीकडे नाही. माझी ६.५ क्रीडमूर या कमी धक्क्याच्या काडतुसाची आहे, एकदाही तक्रार नाही.

प्रतिसाद २

टिक्का उत्तमच आहे, पण ६.५ क्रीडमूरचा अनुभव .३०० विंचेस्टर मॅग्नमला (विन मॅगला) लावू नका. प्रश्न विचारणाऱ्याला मनापासून सांगतो: तिघींपैकी कुठलीही घ्या, अचूकतेत कमी पडणार नाही. मला काळजी वाटते ती हलकी रायफल आणि .३०० विन मॅग या जोडीची.

माझी पहिली मॅग्नम अशीच होती, जेमतेम साडेसहा पौंडांची. पहिल्याच दिवशी टेबलावरून वीस बार काढले. खांदा काळानिळा झाला, त्याचं काही वाटलं नाही. पण महिनाभरात गोळ्या वाट्टेल तिकडे जायला लागल्या. मी दुर्बिणीला दोष दिला, माउंटचे स्क्रू पुन्हा आवळले, तीन प्रकारची काडतुसं बदलून पाहिली. शेवटी सोबतच्या एका जुन्या शिकाऱ्यानं रायफल मागून घेतली, मला पाठ फिरवायला सांगितलं आणि भरून परत हातात दिली. मी नेम धरला, चाप ओढला, आणि नुसतं 'टक्' झालं. आत नकली काडतूस होतं. बार उडालाच नव्हता, तरी नळीचं तोंड चांगलं बोटभर खाली गेलं होतं आणि माझे डोळे गच्च मिटलेले होते. ती सवय मोडायला .२२ च्या हलक्या रायफलीवर अख्खा हंगाम घालवावा लागला.

आता हिशोब बघा. साडेआठ पौंडांच्या रायफलीत १८० ग्रेन वजनाच्या गोळीची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) .३०० विन मॅग साधारण २६ फूट-पाऊंड ऊर्जेचा धक्का खांद्याला देते. त्याच वजनात ७ मिमी रेमिंग्टन मॅग्नम २० च्या आसपास, .३०-०६ हे साधं काडतूसही तेवढाच. रायफलीचं वजन घटलं की धक्क्याची ऊर्जा त्याच प्रमाणात वाढते. म्हणजे साडेसहा पौंडांच्या रायफलीवर एक पौंडाची दुर्बीण चढवलीत, तर .३०० चा धक्का तिशीला टेकतो. डोंगर चढताना वाचलेला पौंड चाप ओढताना असा वसूल होतो.

त्या बदल्यात मिळतं काय? २०० यार्डांवर नेम बसवलात, तर ३०० यार्डांवर .३०० विन मॅगची गोळी सुमारे ७ इंच खाली येते आणि .३०-०६ ची साधारण साडेआठ. दीड इंच! एल्कच्या छातीत दीड इंचानं काहीच बिघडत नाही, पण डोळे मिटून ओढलेल्या चापानं गोळी पोटात जाते आणि ते जनावर रात्रभर रानात कण्हत पडतं. हे मी एकदा पाहिलंय, पुन्हा बघायची इच्छा नाही. मॅग्नमचा खरा उपयोग ३५० यार्डांच्या पुढे, आणि तेवढ्या लांबून मारायचा सराव आहे का, हे आपलं आपल्याला ठाऊक असतं.

मॅग्नमच हवी असेल तर ७ मिमी रेम मॅग घ्या. १९६२ पासून चालत आलेलं काडतूस, .३०० विन मॅगच्या एक वर्ष आधीचं. काडतुसं सगळीकडे मिळतात, आणि १६० ग्रेनची चांगली गोळी एल्कला पुरून उरते. या काडतुसांच्या तळाशी जो पट्टा दिसतो तो मजबुतीसाठी असतो असा समज आहे, तसं नाही. १९१२ च्या .३७५ एच अँड एच काडतुसाचे खांदे (जिथून ते निमुळतं होतं) फार उतरते होते, काडतूस चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या खोबणीत) नेमक्या जागी अडावं म्हणून त्याला तो होता आणि पुढच्या मॅग्नमांनी तसाच उचलला.

रायफल म्हणाल तर सॅव्हेज ११०, किंवा तुमच्या यादीत नसलेली हावा १५००. वेदरबी व्हॅनगार्ड हीसुद्धा हावाच्याच कारखान्यातून येते. सॅव्हेज आणि हावा दोन्ही साडेसात पौंडांच्या आसपास. सॅव्हेजच्या ॲक्युफिट दस्त्याची (रायफलीचा खांद्याला टेकणारा भाग) लांबी आणि गालाखालची उंची बदलता येते. दस्ता आखूड पडला की डोळा दुर्बिणीला चिकटतो, आणि मग भुवईवर अर्धचंद्र उमटतो. म्हणून दुर्बीण घेताना डोळ्यापासून किमान साडेतीन इंच अंतर देणारीच बघा. सोबत बसवून येणारी मुळीच नको. माझ्या पहिल्या मॅग्नमवर तसलीच होती, चाळीसेक बारांत आतली नेमाची फुली तिरकी झाली.

घेण्याआधी एक करा. कागदाची पट्टी नळी आणि दस्त्याच्या मधून सरकवून बघा, मग दस्त्याचं पुढचं टोक मुठीत दाबून पुन्हा बघा. स्वस्त प्लास्टिकचा दस्ता वाकून नळीला टेकत असेल तर टेकूवर ठेवून काढलेला बार आणि हातावर धरून काढलेला बार वेगवेगळ्या जागी लागतील.

प्रश्नकर्ता

इतकं सविस्तर लिहिलंत, आभारी आहे. धक्क्यासाठी नळीच्या तोंडाला मझल ब्रेक (वायू बाजूला वळवणारं भोकांचं टोपण) लावला तर .३०० चालेल का?

प्रतिसाद २

धक्का खूप कमी होतो, खरं आहे. पण वायू मागे-बाजूला वळतो आणि आवाज थेट तुमच्या व शेजारच्याच्या कानावर येतो. १४० डेसिबलच्या वरचा एक आवाजही कान कायमचा अधू करू शकतो, आणि रायफल ब्रेकविनाही त्याच्या वरच असते. सरावात आपण कान झाकतो, पण शिकारीत घाईच्या वेळी कानावरचे मफ वर सरकवलेले असतात. माझा डावा कान रात्री अजून वाजतो. ब्रेकपेक्षा रबराचं जाड पॅड आणि पौंडभर जास्त वजन बरं. पातळ नळी लवकर तापते, म्हणून तीन बार काढून थांबा, आणि एका दिवसात पंधराच्या वर जाऊ नका.

प्रश्नकर्ता

काल मित्राला नकली काडतुसं मध्ये मध्ये मिसळून भरायला सांगितली. तीनपैकी दोनदा नळी खाली गेली, तीही .३०८ वर. सॅव्हेज ११० घेतोय, ७ मिमीमध्ये. उरलेल्या पैशांची काडतुसं.