टक्कल: आनुवंशिक की नुसतं निमित्त? माझं तर दोन्ही झालं

"टक्कल रक्तातच असतं, ताप-टेन्शन-शॅम्पू ही नुसती निमित्तं" असं लोक म्हणतात, ते मला अर्धंच पटतं. मला मागे सणकून ताप आला होता, तेव्हा केसांना काहीच झालं नाही आणि अडीच महिन्यांनी अचानक आंघोळीला मूठ मूठ केस हातात, मोरीची जाळी तुंबायची, नि मी उगाच नव्या शॅम्पूला शिव्या घालत बसलो. नंतर डॉक्टरांनी सांगितलं की शरीराला धक्का बसला की बरेच केस एकदम विश्रांतीत जातात आणि 2-3 महिन्यांनी गळतात, टेलोजेन एफ्लुव्हियम म्हणे. बाळंतपण, ऑपरेशन, क्रॅश डाएट यानंतर पण हेच. मुळं शाबूत असतात म्हणून केस परत येतात.

जेनेटिकवालं, म्हणजे आनुवंशिक टक्कल वेगळं, त्यात डीएचटी हार्मोनमुळे मुळंच आक्रसत जातात, दरवेळी केस आधीपेक्षा बारीक उगवतो, तेही कपाळाचे कोपरे नि टाळूवरच, मागचे ठणठणीत! आणि ते "टक्कल पडणार का कळायला आईच्या वडलांचं डोकं बघ" म्हणतात ते पण पुरतं खरं नाही, एक मोठा जीन एक्स क्रोमोसोमवर आहे (तो मुलग्याला आईकडूनच येतो) पण बाकीचे कितीतरी दोन्हीकडून येतात.

माझे तापाचे गळलेले सात-आठ महिन्यांत आले परत, कोपरे मात्र तसेच रिकामे.