तांब्याचा भाव आणि झांबियाचं कर्ज
काही जण म्हणतात की तेल, तांबं विकणारे देश बुडतात ते निव्वळ भ्रष्टाचारामुळं. भ्रष्टाचार आहेच, पण सांगलीत हळदीचे सौदे बघितलेल्याला एवढ्यावर पटणार नाही. आमच्या हरिपूरला हळद साठवायला जमिनीत पेवं, म्हणजे खोल खड्डे, असायचे. भाव पडला की हळद पेवात, तोंड बंद, बसा वाट बघत. सरकारला असं बसता येत नाही. पगार आणि व्याज थांबत नाही.

आफ्रिकेतला झांबिया घ्या. निर्यातीतली साधारण ७० टक्के कमाई तांब्याची. २०११च्या सुरुवातीला तांबं टनाला १०,००० डॉलरच्या आसपास होतं. हातात चार पैसे दिसले की कर्ज देणारेही दारात येतात. २०१२ ते २०१५ दरम्यान तीनदा डॉलरमध्येच फेडायचे कर्जरोखे काढून ३०० कोटी डॉलर उचलले. २०१६ उजाडलं तेव्हा तांबं ४,५०० च्याही खाली! त्याआधीच तिथलं चलन, क्वाचा, गडगडलं होतं. म्हणजे मिळकत आटली आणि डॉलरमधलं कर्ज क्वाचात मोजलं तर फुगलं. नोव्हेंबर २०२० मध्ये व्याजाचा हप्ता थकलाच.

चिलीचाही जीव तांब्यातच. पण तिथं खर्च आजच्या भावावर बेतत नाहीत, तज्ज्ञांच्या समितीनं काढलेल्या दीर्घकालीन भावावर बेततात. भाव त्याच्या वर गेला की वरकड पैसा राखीव निधीत जातो. २००९च्या मंदीत तोच कामी आला. अर्थात तेजीत तिजोरीला कुलूप लावणाऱ्या मंत्र्याला मतं कोण देणार, हा प्रश्न उरतोच.