मदत हवी आहे: चांगल्या नसेतला जुडगा काढला तर मूठ राहील ना?

धाकटा भाऊ चार महिन्यांपूर्वी बाइकवरून पडला. मानेतून हातात येणाऱ्या नसांची सी-५ आणि सी-६ ही दोन मुळं उपटली गेली आहेत. खांदा उचलत नाही, कोपर वाकत नाही. बोटं मात्र शाबूत. उजव्या हातात पेला घट्ट धरतो आणि डाव्या हाताने तेच मनगट उचलून तोंडाशी नेतो. बघवत नाही.

सर्जननी ओबरलिन पद्धतीची शस्त्रक्रिया सुचवली आहे. करंगळीकडे जाणाऱ्या अल्नर नसेतला तंतूंचा एखादा जुडगा दंडात कापून बायसेप्सच्या नसेला जोडायचा. त्यांनी कागदावर मोठा गोल काढला, ती नस; आत पुष्कळ बारीक गोल, ते जुडगे. प्रत्येकाला स्वतःचं वेष्टन. तिथे मी मान डोलावली, पण घरी आल्यापासून झोप नाही. सगळे जुडगे सारखेच दिसत असतील, तर मनगटाचा कुठला आणि बोटांचा कुठला, हे ओळखतात कसं? आहे ती मूठही गेली तर? आणखी थोडं थांबून बघावं का?

प्रतिसाद

ताई, मी अशा रुग्णांची फिजिओथेरपी करते. जुडगा नुसता डोळ्यांनी निवडत नाहीत. मायक्रोस्कोपखाली नस उघडून एकेका जुडग्याला अगदी सौम्य विद्युतप्रवाह देतात आणि हाताकडे बघतात. मुख्यतः मनगट वाकलं तर तो घ्यायचा, बोटं जोरात हलली तर सोडायचा. म्हणूनच त्या वेळी स्नायू सैल पाडणाऱ्या औषधाचा असर ठेवत नाहीत.

दंडाच्या पातळीवर एका स्नायूचे तंतू अनेक जुडग्यांत विखुरलेले असतात. त्यामुळे एक काढला तरी मूठ सहसा टिकते. करंगळीला काही दिवस मुंग्या येऊ शकतात.

थांबण्याबद्दल: उपटलेलं मूळ आपोआप जुळत नाही. नस दिवसाला साधारण १ मिमी वाढते, आणि वर्ष-दीड वर्ष नसेविना राहिलेला स्नायू पुढे तिला दाद देत नाही. या पद्धतीत जोड बायसेप्सच्या अगदी जवळ असतो, म्हणून वेळ वाचतो. हाताच्या दुसऱ्या नसेतला, म्हणजे मीडियन नसेतला जुडगा बायसेप्सखालच्या ब्रॅकियालिस स्नायूच्या नसेलाही जोडणार का, हे सर्जनना नक्की विचारा. कोपर वाकवणारे दोन स्नायू मिळतात.

तोवर त्याचं कोपर आणि खांदा रोज हलक्या हाताने पूर्ण हलवत राहा. सांधा आखडला तर नस पोचूनही हात वाकणार नाही.