लहान मुलांना रोजरीला (जपमाळेच्या प्रार्थनेला) कसं बसवता?

पर्वरीची_आई: आम्ही मूळचे वसईचे. धाकटा ५ वर्षांचा, पहिले दहा नमो मरिया संपायच्या आत चुळबुळ सुरू, आणि ओरडून प्रार्थना करून घ्यायची नाहीये मला.

म्हापसेकर: ताई, पाचही रहस्यं (येशू-मरियेच्या जीवनातले प्रसंग) एकदम नको, एकच घ्या. गुरुवारी प्रकाशाची असतात ना, पोप जॉन पॉल दुसरे यांनी २००२ मध्ये दिलेली, त्यातली काना गावच्या लग्नाची गोष्ट आधी सांगा, मुलं ऐकतात हो.

मडगावची_आजी: शेवटी मोठ्यांकडे बेसांव (आशीर्वाद) मागायला लाव गं, भांडलेली भावंडंपण जवळ येतात तेव्हा, मला हे फार मोलाचं वाटतं. आणि २४ नोव्हेंबरपासून जुन्या गोव्यात सायबाची, म्हणजे संत फ्रान्सिस झेवियरची, नोव्हेना (नऊ दिवसांची प्रार्थना), एकदा तरी मिस्साला (चर्चमधल्या उपासनेला) ने त्याला.